थिवीच्या गोदामात रॉक शो, मुलगा बेस वाजवतोय. मी जावं का, आणि गेले तर काय ऐकू?

बांदोड्याची पेटीवाली

नमस्कार मंडळी. मी बांदोड्याला राहते, आमच्या वाड्यावरच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. मुलगा फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्रांनी मिळून बँड काढलाय, त्यात तो बेस गिटार वाजवतो. सराव आमच्याच मागच्या खोलीत चालतो, पण सासूबाईंच्या रक्तदाबामुळे आवाज अगदी बारीक. म्हणजे पोराला खऱ्या आवाजात वाजवताना मी अजून ऐकलेलंच नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग पाठवतो, त्यात गाणारा ऐकू येतो, ड्रमवाला ऐकू येतो, माझा मुलगा कुठेच ऐकू येत नाही. कान देऊन ऐकलं तरी नाही.

येत्या शनिवारी त्यांचा शो आहे. म्हापशाहून थिवीच्या वाटेवर गॅरेजच्या मागे एक जुनं टाइल्सचं गोदाम आहे, तिथे. वर पत्रे. त्याने फोटो दाखवले. भिंतींवर स्प्रेने काय काय रंगवलंय, एक लाल दिवा, बाकी काळोख, आणि दाटीवाटीने उभी पोरं. तो म्हणाला, "आई, तू आलीस तर मला खूप बरं वाटेल. पण ती जागा तुझ्यासारख्यांची नाही गं." आता यातलं कुठलं धरायचं? ह्यांचं म्हणणं, गाडीने नेतो-आणतो, पण आत येणार नाही.

मला जायचंय. पण नुसती हजेरी लावून यायचं नाही, त्याचं वाजवणं कळायला हवं. म्हणून विचारते. कानांना कितपत त्रास होईल? (पेटी वाजवायची तर कान शाबूत हवेत.) बायका येतात का अशा ठिकाणी? बसायची सोय असते का? दारूचं काय? आणि त्या गदारोळात बेस ऐकायचा म्हणजे नेमकं काय ऐकायचं?

साउंडवाला, माशेल

ताई, नक्की जा. ती जागा मी आतून ओळखतो, तिथे मिक्सरवर पुष्कळदा मीच असतो. साउंडचा धंदा आमचा वडिलांपासूनचा. माशेलात वाढलो म्हणजे नाटकाच्या तालमी बघतच वाढलो. आमचेच बॉक्स एका आठवड्याला देवळासमोर नाटकाला लागतात आणि पुढच्या आठवड्याला या पोरांना.

आधी मोबाईलचं सांगतो, कारण ते तुम्हाला लागलेलं दिसतंय. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाईलचा स्पीकर असतो नखाएवढा, तो एवढ्या खालचा सूर काढूच शकत नाही. तुमच्या कानात काही उणं नाही आणि पोराच्या वाजवण्यातही नाही. त्याचा भाग त्या फोनमधून बाहेरच पडत नाही.

आता एक प्रयोग करा. पेटी काढा, भाता मारायला घरातल्या कुणाला तरी बसवा, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. उजव्या हाताने मध्य सप्तकातले सा-ग-प एकदम धरा. डाव्या हाताने खाली मंद्र सा धरा. ऐका. आता उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने सा सोडा आणि मंद्र ध धरा. वरचे तिन्ही सूर तेच आहेत, पण सगळ्याचा चेहरा बदलतो, एकदम उदास होतो. तुमचा मुलगा बँडमध्ये हे काम करतो. गिटारवाला वर काय वाजवतोय त्याचा अर्थ खाली बेसवाला ठरवतो. शनिवारी हेच ऐका, बाकी काही नाही कळलं तरी चालेल.

कुठे उभं राहायचं? मिक्सरच्या शेजारी, किंवा त्याच्या दोन हात पुढे. टेबलावर छोटा दिवा असतो, लगेच दिसेल. ज्या जागेवरून आम्ही आवाज बसवतो तिथेच तो सगळ्यात नीट जुळलेला असतो. कोपऱ्यात उभ्या राहू नका. खालचे सूर कोपऱ्यांत साठतात, तिथे बेस नुसता घुमतो आणि पोराने कुठला स्वर धरलाय ते कळत नाही. स्पीकरच्या तोंडासमोर तर मुळीच नको. खुर्च्या नसतात. मिक्सरमागे आमच्या पेट्या असतात त्यावर बसा, मी असलो तर मीच पुसून देईन.

जागा फोटोत दिसते तशीच आहे, सजवून सांगत नाही. जमीन सिमेंटची, सांडलेल्या बिअरने चिकट. पत्रे खालच्या सुरांना थरथरतात, आणि पावसात शो असला की पत्र्यावरच्या पावसाशी गाणाऱ्याला झुंजावं लागतं. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा फळ्यांचा चौथरा. ड्रमखाली जुनी सतरंजी, नाहीतर पायाने वाजवायचा मोठा ड्रम वाजता वाजता पुढे सरकत जातो. पण आत शिरल्यावर आम्ही पहिलं काम करतो ते अर्थिंगचं, आणि आई म्हणून ते तुम्हाला माहीत असावं. जुन्या वायरिंगच्या जागेत गिटारचा ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि माइकची लाइन दुसऱ्याच बोर्डावर असली, त्यात एकाचं अर्थिंग गेलेलं असलं, तर तारांवर हात ठेवून गाणाऱ्याचे ओठ माइकला लागताच झटका बसतो. साधा झणका नव्हे, माणूस दगावू शकतो. म्हणून सगळ्या वायरी जोडून झाल्या की पोरांनी हात लावण्याआधी मी गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मीटर लावून बघतो. काटा हलला तर सगळं बंद, आधी वायरिंग. पोरं कुरकुरतात, सहाला सुरू व्हायचं ते सातला होतं. चालेल. नाटकाच्या स्टेजवरही मी हेच करतो.

कानांचं गांभीर्याने घ्या. अशा बंद पत्र्याच्या जागेत १०० डेसिबल सहज होतात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं प्रमाण सांगतो: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. फार्मसीत फोमचे प्लग मिळतात. बोटांनी चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं. घरी दोनदा सवय करा. फोमने वरचे सूर जास्त दबतात, खालचे कमी. म्हणजे तुमच्या कामाचं तर टिकूनच राहतं. मुलालाही घालायला लावा, तो ड्रमच्या झांजांपाशी उभा असतो.

परत यायची काळजी नको. नियमच असा आहे की रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दहा ते सहा बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला सूट असली तरी पत्र्याच्या शेडमधून आवाज बाहेर जातोच, तेव्हा त्या सुटीचा आधार घेऊ नये असं मला वाटतं. वर्षातले पंधरा दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, पण ते दिवस उत्सवांचे. सव्वादहाला तुम्ही बाहेर असाल. मात्र बसच्या भरवशावर राहू नका.

आणि एक विनंती. मुलाकडून फुकट पास घेऊ नका, गेटवर तिकीट काढा. समजा तीनशे रुपये देऊन सत्तर माणसं आली, तर एकवीस हजार. त्यातून जागेचं भाडं, साउंड, जनरेटरचं डिझेल, आणि उरेल ते चार बँडांत. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये लोकांच्या ओळखीची गाणी वाजवून पोरं याच्या कितीतरी पट कमावतात. स्वतः रचलेलं वाजवायला आमच्याकडे जागाच किती आहेत? रेमो फर्नांडिसनी १९८० च्या दशकात शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर गाणी रेकॉर्ड केली आणि कॅसेट स्वतः स्कूटरवरून दुकानादुकानांत नेऊन दिल्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजची पोरंही तशाच हिमतीवर उभी आहेत. ही गोदामं बंद पडली तर त्यांना पुन्हा मागच्या खोलीत बारीक आवाजातच वाजवावं लागेल.

म्हापशेकारीण

ताई, मी जाते त्या जागेत, आणि माझीही पन्नाशी जवळ आली. बायका असतात. कमी, पण असतात, आणि पोरी तर आता बँडमध्येही असतात.

कपड्यांचं: सुती कुर्ता आणि सलवार किंवा जीन्स. ओढणी घरी ठेवा, गर्दीत ओढली जाते. साडी नको, जमीन ओली असते. पायांत बंद बूट, चपला घालून जाऊ नका, कुणाचा ना कुणाचा पाय पडतोच. आत घामाने चिंब व्हाल, बरोबर छोटा टॉवेल घ्या. संडास एकच आहे आणि तिथला दिवा असून नसल्यासारखा. त्याचं म्हापशातच उरकून जा. रोस ऑम्लेट पावही म्हापशातच गाड्यावर खाऊन घ्या, आत वेफर्सशिवाय काही मिळत नाही.

दारू असते, बिअर जास्त. पण एक सांगते, लग्नाच्या डान्सला जेवढे झिंगलेले काके मी पाहिलेत तेवढे इथे नाही पाहिले. पोरं गाण्यासाठी आलेली असतात. कोणी त्रास दिलाच तर गेटवरच्या मुलाला सांगा, तो लगेच बाहेर काढतो. माझ्या डोळ्यांसमोर काढलाय.

स्टेजसमोर पोरं एकमेकांना धडका देत नाचतील. पहिल्यांदा बघून छातीत धस्स होतं. त्यांच्यात अलिखित नियम आहे: कोणी पडला की सगळे थांबतात आणि आधी त्याला उभा करतात. तुमचा मुलगा स्टेजवर आहे, तो त्यात नाही, तेव्हा घाबरू नका. तुम्ही फक्त त्या घोळक्यापासून पाच-सहा हात मागे राहा.

आणि यजमानांना आत आणा हो. गाडीत बसून काय करतील तीन तास?

फोंड्याचा तबलजी

ड्रमवाल्याचे पायही बघा, पेटीवाली बाई. दोन हात, दोन पाय, चारींचं काम वेगळं. आपले लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल धरत आणि तोंडाने आणखी वेगळा म्हणत, असं जुनी माणसं सांगतात. तुमच्या मुलाचा बेस त्या ड्रमवाल्याच्या उजव्या पायाला बांधलेला असतो. पाय पडला की बेसचा स्वर पडतो, की जरा आधी, की जरा मागे? तबला-पेटीच्या साथीत आपण जे बघतो तेच बघा.

थिवीकार

मी त्या गोदामापासून दोन शेतं पलीकडे राहतो. संगीताचं माझं काही वाकडं नाही. पण खिडक्या बंद करूनही तो धडधड आवाज भिंतीतून येतो, ताटं वाजतात. वडील आजारी आहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटरसायकली लावतात, एकदा रात्री डॉक्टरची गाडी आत यायला पंधरा मिनिटं अडली. साउंडवाल्यांनी नियम लिहिले ते बरोबर आहेत. पण निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे, तेही लिहायला हवं होतं. दहाच्या आधी काहीही चालेल असा त्याचा अर्थ नाही.

साउंडवाला, माशेल

@थिवीकार: तुमचं बरोबर आहे. ४१ हर्ट्झची एक लाट आठ मीटरहून लांब असते, तिला विटांची भिंत अडवत नाही, म्हणून वरचे सूर तुमच्यापर्यंत येत नाहीत आणि धडधड तेवढी येते. करता येण्यासारखं करतो: खालच्या सुरांचे बॉक्स तुमच्या बाजूच्या भिंतीला न लावता मधोमध ठेवायचे, आणि ४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकायचं, तिथे संगीत नसतंच, नुसता हादरा असतो. शनिवारी सात वाजता मी स्वतः तुमच्या अंगणात येऊन ऐकतो आणि तिथून फोन करून आवाज कमी करायला लावतो. मोटरसायकलींसाठी गॅरेजवाल्याची मागची जागा मागून घेतली आहे, गेटवर पोरगा उभा करून सगळ्यांना तिकडेच पाठवणार. तुमच्या वाटेवर एकही लागणार नाही.

बांदोड्याची पेटीवाली

जाऊन आले. उशीर झाला कळवायला, सासूबाईंच्या तपासण्या चालल्या होत्या.

निघण्याआधी पेटीवरचा प्रयोग केला. भाता मारायला ह्यांनाच बसवलं. मंद्र ध धरला तेव्हा तेच म्हणाले, "हे आधी काय होतं नि आता काय झालं?" त्यामुळे असेल, पण म्हापशात ऑम्लेट खाताना म्हणाले, येतो मी पण आत.

गेटवर तिकिटं काढली, मनगटावर शिक्का मारून घेतला. आत एवढा उकाडा की चष्म्यावर वाफ धरली. पहिला बँड मला आवडला नाही. गाणारा मुलगा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर ओरडत होता, चढणं नाही, उतरणं नाही, आणि दोन्ही गिटारी एकमेकींच्या अंगावर. दुसऱ्या बँडमधली मुलगी मात्र फार चांगली गायली. कोंकणीत गायली, शब्द पुष्कळसे कळले.

मुलाचा बँड तिसरा. प्लग घालून मी मिक्सरपाशी उभी होते. तो वाजवायला लागला तेव्हा पहिल्यांदा कळलं ते बुटांच्या तळव्यांतून, मग पोटात, आणि मग कानात. त्यांचं दुसरं गाणं मी मोबाईलवर ऐकून पाठ केलेलं आहे. त्यात कडव्याच्या जागी गिटारवाला तेच तेच चार सूर ठोकत राहतो, आणि मला फोनवर ते फार कंटाळवाणं वाटायचं. तिथे ऐकलं तर खाली माझा मुलगा दर आवर्तनाला एकेक पायरी उतरत होता. सा, नी, ध, प. वरचं काहीच बदलत नव्हतं आणि गाणं मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीत शिरत होतं. त्या गाण्याची चालच मुळी त्याच्या हातात आहे. घरात आम्ही त्याला म्हणायचो, "तू मागे उभा राहून काय ते डुंग डुंग करतोस?"

तबलजींनी सांगितलं म्हणून ड्रमवाल्याचा पायही बघितला. शेवटच्या गाण्यात लय चढली, आणि ती ड्रमवाल्याने नाही, माझ्याच मुलाने चढवली. दोन ठिकाणी तो पायाच्या पुढे गेला. घरी येताना गाडीत त्याला सांगितलं. गप्प झाला, मग म्हणाला, "तुला ऐकू आलं?" मग बाणास्तरीचा पूल येईपर्यंत आम्ही लयीवर बोलत होतो. आता तो मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून सराव करतो, आणि मी सासूबाईंची दुपारची झोप आमच्या पुढच्या खोलीत हलवली आहे, म्हणजे मागे त्याला जरा आवाज वाढवता येईल.

धडका देणाऱ्या पोरांत एक पडला, आणि म्हापशेकारीण ताईंनी सांगितलं तसं चार जणांनी त्याला लगेच उचलला. एकाने त्याचा चष्मा शोधून त्याच्या हातात दिला.

थिवीकार भाऊ, तुमच्याकडे त्या रात्री आवाज कमी झाला का, ते जरूर लिहा. पोरांना वाजवायला जागा हवी तशी तुमच्या वडिलांना झोपही हवी.

साउंडवाले भाऊ, तुमचं काम बघितलं. ते मीटर लावणं तर विशेष. आमच्या सप्ताहाला दरवर्षी पखवाज ऐकूच येत नाही, नुसती टाळांची गर्दी. त्याचं काही करता येईल का?

थिवीकार

फरक पडला. ताटं वाजली नाहीत. गाणारा थोडा ऐकू येत होता, तो चालेल. साउंडवाले सव्वासातला खरोखरच अंगणात आले होते. वाट मोकळी होती. दहाला पाच मिनिटं असताना बंद झालं.

साउंडवाला, माशेल

ताई, सप्ताहाची तारीख कळवा. टाळांच्या मधोमध एकच माइक लावत असतील, म्हणून तसं होतं. पखवाजाला कणकेच्या बाजूला वेगळा माइक लावू आणि टाळकऱ्यांना दोन पावलं मागे बसवू. भजन सुरू व्हायच्या आधी मला फक्त अर्धा तास द्या, आणि पखवाजवाल्यांना तेव्हाच यायला सांगा.